ग्रॅन्युलोसा पेशींचं रेडिमेड कल्चर किट, आठ महिने वापरल्यावर: एफएसएचच्या कामाला उत्तम, आयजीएफच्या कामाला जरा थांबा

आधी हेच सांगते की किट वाईट नाहीये, उलट मी ते परत मागवलंय, पण ज्या प्रयोगासाठी त्याची सगळ्यात जास्त जाहिरात होते नेमक्या त्याच प्रयोगात ते चकवतं, आणि कसं चकवतं हे कळायला आमचे सात आठवडे गेले. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण अशी किटं बऱ्याच जणांची जवळपास सारखीच असतात आणि हीच अडचण तुमच्या खोक्यातही निघू शकते.

आमचं काम मेंढीच्या ओव्हरीवर चालतं. फॉलिकलमध्ये, म्हणजे ओव्हरीतल्या ज्या छोट्या पिशवीत अंडं वाढतं तिच्यात, अंड्याभोवती ज्या ग्रॅन्युलोसा पेशी असतात त्या बाहेर काढून डिशमध्ये वाढवायच्या आणि त्यांना वेगवेगळे सिग्नल देऊन बघायचं की वाढतायत का, इस्ट्रोजन करतायत का, की मरतायत. हे किट त्यासाठीच आहे. खोक्यात सीरम (रक्तातला पातळ भाग) नसलेलं मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचं द्रावण, येतं, सप्लिमेंटची एक छोटी बाटली येते ज्यात इन्सुलिन, ट्रान्सफेरिन आणि सेलेनियम असतं, मग एफएसएच या फॉलिकल वाढवणाऱ्या हार्मोनची सुकवलेली पावडर, आयजीएफ-१ या इन्सुलिनसारख्या ग्रोथ फॅक्टरची व्हायल, इथेनॉलमध्ये विरघळवलेलं अँड्रोस्टेनडायोन (एक अँड्रोजन), थोडंसं फोर्स्कोलिन आणि शेवटी एस्ट्राडायोल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजन, मोजायचं एलिसा (रंगावरून मोजणारी चाचणी). सोबत माहितीपत्रक आणि भिंतीवर लावायचं एक पोस्टर.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मीडियम. ज्यांनी आधी सीरम घालून ग्रॅन्युलोसा वाढवल्यात त्यांना माहीत असेल, पहिल्या दिवशी छान गोल गोल पेशी दिसतात, मग दोन-तीन दिवसांत त्या पसरायला लागतात, लांबुडक्या होतात, फायब्रोब्लास्ट आहेत की काय असं वाटावं इतक्या, आणि मीडियम तपासलं तर एस्ट्राडायोल जवळपास गेलेलं आणि प्रोजेस्टेरॉन चढलेलं. म्हणजे पेशी जिवंत आहे, दिसायला धडधाकट आहे, पण फॉलिकलमधलं तिचं काम सोडून ती कॉर्पस ल्युटियमच्या (अंडं बाहेर पडल्यावर फॉलिकलचं जे बनतं त्याच्या) वाटेला लागलीये. सीरममध्ये इतके ग्रोथ फॅक्टर असतात की आपण वरून घातलेला सिग्नल त्या गर्दीत ऐकूच येत नाही. या किटमध्ये सहाव्या दिवशीसुद्धा पेशी गोल राहिल्या, द्राक्षाच्या घडासारखे त्यांचे छोटे छोटे झुबके झाले, आणि पहिल्या ४८ तासांत खाली आलेलं एस्ट्राडायोल नंतर दर मीडियम बदलाला वाढत गेलं. पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली ते झुबके बघितले तेव्हा मी बराच वेळ डोळा काढलाच नाही. फॉलिकलच्या भिंतीला लागून या पेशी अशाच एकमेकींना चिकटून असतात, त्यामुळे डिशमध्येही त्यांनी तसंच बसणं म्हणजे त्यांचं काहीतरी बरं चाललंय याची खूण.

मीडियमला रंग नाही. फिनॉल रेड मुद्दाम काढलंय कारण त्याच्यातल्या अशुद्धीची किंचित इस्ट्रोजनसारखी ॲक्टिव्हिटी असते आणि आपण तर इथे इस्ट्रोजनचंच काम करतोय. हे चांगलंच आहे फक्त सवय लागते, मीडियम पिवळं पडलं म्हणजे ॲसिडिक झालं हे नेहमीचं लक्षण इथे मिळत नाही, तेव्हा गढूळपणा रोज उजेडात धरून बघायचा आणि बदलाच्या तारखा डिशच्या झाकणावरच लिहून ठेवायच्या.

आता एफएसएच. यात किटला माझ्याकडून पूर्ण मार्क. एफएसएच पेशीच्या आत जात नाही, बाहेरच्या रिसेप्टरला लागतं, तिथून आत जी-प्रोटीन, मग सीएएमपी (पेशीच्या आतला छोटा निरोप्या) वाढतं, ते पीकेए नावाच्या एन्झाइमला जागं करतं आणि शेवटी ॲरोमाटेजचा जीन चालू होतो. ॲरोमाटेज म्हणजे अँड्रोजनचं इस्ट्रोजन करणारं एन्झाइम. आणि इथेच ते अँड्रोस्टेनडायोन लागतं, कारण ग्रॅन्युलोसा पेशी स्वतः अँड्रोजन बनवू शकत नाहीत, ते फॉलिकलच्या बाहेरच्या थरातल्या थेका पेशी एलएच या हार्मोनच्या सांगण्यावरून बनवतात आणि आत पाठवतात. डिशमध्ये थेका नाही, तर तिचं काम या व्हायलने करायचं. आमच्या एका प्लेटमध्ये हे घालायचं राहिलं होतं आणि एफएसएच कितीही दिलं तरी एस्ट्राडायोल शून्याजवळ, पेशी मात्र मजेत. इंजिन चालू पण टाकीत काहीच नाही.

हे दोन पेशींचं भागीदारीचं गणित पहिल्यांदा ज्या प्रयोगातून पुढे आलं तो मला अजूनही फार सुंदर वाटतो. १९५९ साली फाल्क या स्वीडिश संशोधकाने उंदराच्या ओव्हरीचे बारीक तुकडे उंदराच्याच डोळ्याच्या पुढच्या पोकळीत लावले, कधी नुसती ग्रॅन्युलोसा, कधी नुसती थेका, कधी दोन्ही शेजारी, आणि इस्ट्रोजनचा परिणाम शेजारीच लावलेल्या योनीच्या त्वचेच्या तुकड्यावर बघितला. एकेकट्या पेशींनी काम होत नव्हतं, दोन्ही जवळ आल्या की होत होतं. पोस्टरवर हा प्रयोग हवा होता असं राहून राहून वाटतं. त्याऐवजी नुसते बाण आहेत, रिसेप्टरपासून न्यूक्लियसपर्यंत सरळ, आणि एफएसएचचा बाण एका बाजूला, आयजीएफचा दुसऱ्या बाजूला, जणू दोघांची ओळखच नाही. वस्तुस्थिती अशी की आयजीएफचा रिसेप्टर गप्प केला तर एफएसएचलाही ग्रॅन्युलोसा पेशी नीट परिपक्व करता येत नाहीत. त्या पोस्टरवर हा एक आडवा बाण असता तर आमचे सात आठवडे वाचले असते असं मी म्हणेन.

डोसबद्दल एक सूचना. माहितीपत्रकात एफएसएचचा डोस कमी ठेवायला सांगितलाय आणि ते खरंच ऐका. जास्त दिलं तर जास्त इस्ट्रोजन मिळेल हा हिशोब इथे चालत नाही, मिलीलीटरला साधारण १ नॅनोग्रॅमच्या आसपास एस्ट्राडायोल सगळ्यात वर जातं आणि त्याच्या बऱ्याच वर गेलात की उलट पडतं. फॉलिकलमध्येही हे असंच चालतं, सिग्नल एका पातळीपर्यंत वाढ करतो आणि त्यापुढे पेशीला वेगळ्या वळणावर नेतो. आणि हो, पातळ केलेलं एफएसएच प्लास्टिकला चिकटतं, म्हणून बीएसए हे प्रोटीन घातलेल्या बफरमध्येच पातळ करा, नुसत्या सलाइनमध्ये केलंत तर अर्धं ट्यूबलाच राहील.

फोर्स्कोलिनची व्हायल किटमध्ये दिलीये हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. कोलियस या वनस्पतीच्या मुळातून मिळणारा हा पदार्थ रिसेप्टरला बगल देऊन थेट सीएएमपी बनवणाऱ्या एन्झाइमलाच चालू करतो. म्हणजे कधी एफएसएचला उत्तर आलं नाही तर शेजारच्या वेलमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या खळग्यात, फोर्स्कोलिन द्या. तिथे उत्तर आलं तर पेशीची आतली यंत्रणा ठीक आहे आणि भानगड एफएसएचमध्ये किंवा रिसेप्टरमध्ये आहे. आम्हाला याचा उपयोग तिसऱ्या महिन्यातच झाला. नवीन लॉट आला, एफएसएचचं उत्तर एकदम निम्म्यावर, सगळे म्हणायला लागले की ओव्हरी उशिरा आल्या, गरम राहिल्या नाहीत, पेशी दमल्यात. पण फोर्स्कोलिनच्या वेलमध्ये एस्ट्राडायोल नेहमीएवढंच होतं. जुन्या लॉटच्या उरलेल्या एफएसएचने त्याच पेशी लगेच जाग्या झाल्या. कंपनीला दोन्ही आकडे पाठवले आणि त्यांनी काही न बोलता व्हायल बदलून दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

आता मुख्य तक्रार.

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की एफएसएच आणि आयजीएफ-१ या दोन्हींचा परिणाम या एकाच किटने अभ्यासता येतो. आम्ही आयजीएफचे डोस लावले, ०, १, १०, ५० आणि १०० नॅनोग्रॅम. ग्राफ आला तो सपाट. परत लावलं, परत सपाट. नवीन व्हायल काढली, ओव्हरी बदलल्या, फॉलिकल लहान घेतले, मग मोठे घेतले, पेशी मोजणाऱ्याला बदललं, पाचव्या वेळी मी स्वतः सुट्टीच्या दिवशी येऊन एकटीने सगळं केलं आणि तरी रेषा तीच. माझ्या मनात तर असंही यायला लागलं की मेंढीच्या या पेशींना आयजीएफची गरजच नसावी आणि मी ते मीटिंगमध्ये बोलूनही दाखवलं, जे नव्हतं बोलायला पाहिजे.

मग आमच्याकडे नवीनच आलेली एक मुलगी ग्राफ बघत होती, ती म्हणाली, ताई, रेषा सपाट आहे पण ती वर सपाट आहे ना. शून्य डोसच्या वेलमध्येच एवढं एस्ट्राडायोल कसं काय? आणि मग तिनेच विचारलं, ताई, त्या सप्लिमेंटमध्ये इन्सुलिन किती आहे?

किती ते माहितीपत्रकात नव्हतं. 'ऑप्टिमाइज्ड' एवढंच लिहिलेलं. ईमेल केला तर पहिलं उत्तर छापील आलं, दुसऱ्यांदा खरमरीत लिहिल्यावर त्यांच्या टेक्निकल टीममधल्या एकाने नीट आकडा दिला: मिलीलीटरला १० मायक्रोग्रॅम. म्हणजे १०,००० नॅनोग्रॅम. माणसाच्या रक्तात उपाशीपोटी इन्सुलिन मिलीलीटरला १ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी असतं, यावरून अंदाज घ्या. आता इन्सुलिन आणि आयजीएफ-१ ही दोन्ही मॉलिक्यूल एकाच घराण्यातली, दिसायला सारखी, आणि त्यांचे रिसेप्टरही भावंडंच. इन्सुलिन आयजीएफच्या रिसेप्टरला बसतं, फक्त त्याची पकड शंभरपट किंवा त्याहूनही कमजोर असते. पण तुम्ही १०,००० नॅनोग्रॅम ओतलंत तर कमजोर पकडही पुरते. रिसेप्टर आधीच भरलेले, त्यावर आम्ही १० नॅनोग्रॅम आयजीएफ घालतोय आणि उत्तराची वाट बघतोय.

ही चूक कंपनीने मुद्दाम केलीये असं मला वाटत नाही. एवढं इन्सुलिन सेल कल्चरमध्ये सर्रास घालतात, पेशी जगतात, वाढतात, कोणाला तक्रार नसते. पण ज्या खोक्यावर आयजीएफचं नाव आहे त्या खोक्यात आकडा लपवून चालत नाही. हा प्रश्न डिशपुरता नाहीये. पीसीओएस या ओव्हरीच्या विकारात बऱ्याच बायकांच्या रक्तात इन्सुलिन वाढलेलं असतं आणि ते एलएचच्या जोडीने थेका पेशींना जास्त अँड्रोजन करायला लावतं, म्हणजे ओव्हरी साखरेच्या हार्मोनचंही ऐकते आणि किती ऐकते हे त्याच्या प्रमाणावर ठरतं. ज्या प्रयोगातून हे समजून घ्यायचं त्याच प्रयोगात इन्सुलिनचं प्रमाण माहीत नसेल तर आपण नक्की काय मोजतोय?

उपाय सोपा निघाला. किटचं मीडियम तसंच ठेवलं, सप्लिमेंटची बाटली बाजूला केली, ट्रान्सफेरिन आणि सेलेनियम वेगळं घातलं आणि इन्सुलिन फक्त १० नॅनोग्रॅम, जेणेकरून ते आपल्या स्वतःच्या रिसेप्टरपुरतं राहील. सहा दिवसांनी एलिसा लावलं. हे स्पर्धेच्या तत्त्वावर चालणारं एलिसा आहे, म्हणजे हार्मोन जितकं जास्त तितका रंग कमी. सबस्ट्रेट घातल्यावर शून्य डोसची ओळ पटकन निळी झाली, गडद, आणि उजवीकडे आयजीएफ वाढत जाईल तसा निळा फिका होत गेला, स्टॉप सोल्युशन घातल्यावर तेच पिवळ्यात, गडद पिवळ्यापासून जवळपास पाण्यासारखं. मशीनमध्ये घालायच्या आधीच कळलं. ती मुलगी शेजारी उभी होती, प्लेट तिच्याच हातात दिली. एफएसएच आणि आयजीएफ दोन्ही दिलेल्या वेलमध्ये तर दोघांच्या वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षाही जास्त आलं.

एवढ्यावर थांबलो नाही कारण आकड्याच्या ईमेलमध्येच आणखी एक गोष्ट होती. व्हायलवर आयजीएफ-१ लिहिलंय पण आत लाँग आर-३ प्रकार आहे, म्हणजे मूळ ७० अमिनो ॲसिडच्या मॉलिक्यूलला पुढे १३ जोडलेली आणि तिसऱ्या जागेवर अदलाबदल केलेली. रिसेप्टरला तो चांगला बसतो, पण आयजीएफला पकडून ठेवणारी जी बाइंडिंग प्रोटीन्स असतात त्यांच्या हाती तो फारसा लागत नाही. कल्चरमध्ये टिकाऊ म्हणून वापरतात, ठीक आहे. पण फॉलिकलमधली अर्धी कथा त्या बाइंडिंग प्रोटीन्सचीच आहे. ग्रॅन्युलोसा पेशी ती स्वतः बनवतात आणि आयजीएफ बांधून ठेवतात. जो फॉलिकल पुढे जाणार असतो त्याच्यात पॅप-ए नावाचं एन्झाइम वाढतं, तेच जे गरोदरपणातल्या पहिल्या तिमाहीच्या रक्ततपासणीत मोजतात, आणि ते बाइंडिंग प्रोटीन-४ ला कापून आयजीएफ मोकळं करतं. जो फॉलिकल मागे पडतो त्याच्यात आयजीएफ असूनही बांधलेलं राहतं आणि पेशी मरायला लागतात. बाळ मुलगी जन्मते तेव्हा तिच्या ओव्हरीत १० ते २० लाख फॉलिकल असतात आणि आयुष्यभरात जेमतेम ४०० च्या आसपास अंडी बाहेर पडतात, बाकीचे सगळे असेच गळतात. त्या गळण्यातला एक मोठा निर्णय या बांधण्या-सोडण्यात होतो. लाँग आर-३ वापरलंत तर हा निर्णय तुम्हाला दिसणारच नाही. ज्यांना तो बघायचाय त्यांनी मूळ आयजीएफ-१ वेगळं मागवावं, आणि कंपनीने निदान व्हायलवर खरं नाव छापावं.

आता प्रोटोकॉलमधल्या एका ओळीबद्दल, जी माहितीपत्रकात अगदी बारीक टाइपात आहे आणि मला वाटतं ती पहिल्या पानावर पाहिजे: पेशी गाळताना अंडी काढून टाका. फॉलिकल फोडल्यावर डिशमध्ये ग्रॅन्युलोसाचे पापुद्रे तरंगतात, उजेडात कोंड्यासारखे दिसतात, आणि मध्येच एखादा गोल दाट ठिपका दिसतो, त्याच्याभोवती पेशींचं वलय. ते अंडं. आळसाने ते राहू दिलं तर ते गप्प बसत नाही. अंडं स्वतः जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ ही सिग्नल देणारी प्रोटीन्स सोडतं आणि भोवतीच्या पेशींना सांगत राहतं की वाढा पण एवढ्यात ल्युटियम होऊ नका. आपण समजतो ग्रॅन्युलोसा अंड्याला सांभाळतात, पण आज्ञा दोन्हीकडून जातात. १९९६ मध्ये उंदरात जीडीएफ-९ काढून टाकल्यावर फॉलिकल प्राथमिक अवस्थेच्या पुढे गेलेच नाहीत. आणि मेंढीत तर अजून नवल आहे, इनव्हर्डेल नावाच्या मेंढ्यांमध्ये बीएमपी-१५ च्या जीनमध्ये बदल आहे, २००० साली तो सापडला. एक प्रत बदललेली असेल तर मेंढी जास्त अंडी सोडते, जुळी-तिळी होतात, आणि दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर ती पूर्ण वांझ. तोच सिग्नल थोडा कमी झाला तर सुबत्ता आणि अजिबात नसला तर काहीच नाही. मी मेंढीच्या पेशींवर काम करते त्यामुळे असेल, पण मला सिग्नलचं प्रमाण म्हणजे काय हे समजावणारं याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

एलिसाबद्दल थोडक्यात. चालतं, पण मीडियममध्ये अँड्रोस्टेनडायोन भरपूर असतं आणि त्याची थोडी क्रॉस-रिॲक्शन होतेच, म्हणजे एलिसा त्यालाही थोडं एस्ट्राडायोल समजतं, म्हणून पेशी नसलेल्या पण सगळं घातलेल्या मीडियमची एक ओळ ठेवा आणि तेवढं वजा करा. प्लेटच्या कडेच्या वेलमध्ये पेशी लावू नका, तिथलं मीडियम आटतं, नुसतं पाणी भरा. प्रोजेस्टेरॉनचं एलिसा किटमध्ये नाही आणि ते हवं होतं, कारण एकटं एस्ट्राडायोल खाली आलं म्हणजे पेशी मेली की ल्युटियम झाली हे कळत नाही.

अजून एक, नव्याने हे काम सुरू करणाऱ्यांसाठी: पहिल्या मोजणीत ट्रिपॅन ब्लूने निळ्या झालेल्या मेलेल्या पेशी खूप दिसतील, घाबरू नका, ताज्या ग्रॅन्युलोसात ते नेहमीचं आहे. जिवंत पेशी मोजून लावा आणि दाट लावा. विरळ लावल्या तर त्यांचे झुबके होत नाहीत आणि झुबके नाही झाले तर मग एफएसएचलाही उत्तर मंद येतं, कारण या पेशी आपापसातल्या गॅप जंक्शनमधून, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या बारीक वाटांमधून, सीएएमपीसारखे छोटे निरोप एकमेकींना देत असतात.

कोणी घ्यावं? एफएसएच, सीएएमपी, ॲरोमाटेज यावर काम असेल तर नक्की घ्या, मीडियम आणि फोर्स्कोलिन या दोन गोष्टींसाठीच घ्या. बीएमपी, जीडीएफ यांचं काम असेल तरी मीडियम छान आहे, मॉलिक्यूल आपले वेगळे आणावे लागतील. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठीही चांगलं, सहा दिवसांत पेशीला सांगितलेलं पेशीने केलेलं डोळ्यांनी दिसतं. आयजीएफ किंवा इन्सुलिनचं काम असेल तर सप्लिमेंट न घालता सुरू करा. ज्यांची ओव्हरी एलएच सर्जनंतरच्या (अंडं सुटण्याआधी एलएच एकदम वाढतं, त्यानंतरच्या) टप्प्यावर आहे, म्हणजे ॲम्फिरेग्युलिन वगैरे त्या टप्प्यातल्या सिग्नलवर काम आहे, त्यांच्या हे कामाचं नाही, लहान फॉलिकलमधल्या ग्रॅन्युलोसावर एलएचचे रिसेप्टरच नसतात.

कंपनीला मी दोन मागण्या लिहून पाठवल्यात, इन्सुलिन नसलेलं सप्लिमेंट वेगळ्या बाटलीत द्या आणि आयजीएफचा प्रकार लेबलवर छापा. पहिली मान्य झालीये, पुढच्या लॉटपासून मागितलं तर देतात, ऑर्डर करताना लेखी कळवावं लागतं. दुसरीवर अजून उत्तर नाही. आलं की इथेच खाली लिहीन.